ड्रुपल ७ सोडून बॅकड्रॉपवर: वाचनालयाच्या संकेतस्थळाचा वर्षभराचा अनुभव

आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ जवळजवळ वर्षभर बॅकड्रॉप सीएमएसवर चालतंय. (सीएमएस म्हणजे संकेतस्थळ चालवायची आणि त्यातला मजकूर सांभाळायची प्रणाली.) त्याआधी ते बरीच वर्षं ड्रुपल ७ या दुसऱ्या सीएमएसवर होतं. दिवाळी अंकांची सूची हा या संकेतस्थळाचा जीव. कुठल्या अंकात, कोणत्या वर्षी, कोणाची कथा किंवा कविता कितव्या पानावर आली, याच्या काही हजार नोंदी स्वयंसेवकांनी हाताने भरल्या आहेत. संशोधन करणारे विद्यार्थी, जुन्या लेखकांचे नातेवाईक, परगावचे वाचक त्यात सतत काहीतरी शोधत असतात. या नोंदी कुठल्याही कारणाने हरवू नयेत, एवढ्याच काळजीपोटी मी सीएमएसकडे पाहते. हा अनुभवही त्याच नजरेतून लिहिलेला आहे.

बदलायची वेळ का आली, ते आधी. ड्रुपल ७ आलं ५ जानेवारी २०११ ला. त्याची अखेरची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. चालू संकेतस्थळ त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून पुष्कळ संस्था निवांत राहतात. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या सुरक्षेत मोठं छिद्र सापडलं होतं, ते आठवून पाहा. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही, त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलंय असंच धरून चालावं, असं ड्रुपलच्या सुरक्षा गटाने तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. अशी दुरुस्ती जिथून येणारच नाही, त्या आवृत्तीवर वर्षानुवर्षांची सूची ठेवणं मला मान्य नव्हतं.

समोर तीन वाटा होत्या. पहिली ड्रुपल १० किंवा ११. ड्रुपल उत्तम आहे, मोठ्या संस्थांसाठी तर फारच. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ८ व्या आवृत्तीपासून त्याचा पाया सिम्फनी या तयार कोडच्या चौकटीवर गेला, कोडचे बाहेरचे भाग आणून बसवणारं कंपोझर हे साधन आलं, टेम्प्लेटची पद्धत बदलली. म्हणजे जुनं संकेतस्थळ वर चढवायचं नाही, नवं उभारून त्यात माहिती ओतायची. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आणि एका माणसाच्या फावल्या वेळात ते जमणारं नव्हतं. दुसरी वाट वर्डप्रेस. ब्लॉगला आणि बातम्यांना मी आजही तेच सुचवेन. मात्र आमच्या प्रत्येक नोंदीला लेखक, साहित्यप्रकार, अंक, वर्ष, पान अशी वेगवेगळी फील्ड आहेत आणि त्यांच्या उलटसुलट याद्या लागतात. वर्डप्रेसमध्ये हे करता येतं, पण त्यासाठी बाहेरच्या प्लगिनवर विसंबावं लागतं, आणि ते प्लगिन उद्या कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही.

तिसरी वाट बॅकड्रॉप. ड्रुपल ८ ची दिशा लहान संस्थांना झेपणार नाही असं वाटल्याने जेन लॅम्प्टन आणि नेट लॅम्प्टन यांनी २०१३ मध्ये ड्रुपल ७ च्या कोडमधून ही स्वतंत्र शाखा काढली. तिची पहिली आवृत्ती १५ जानेवारी २०१५ ला आली. लहान-मध्यम व्यवसाय, स्वयंसेवी संस्था, शाळा यांच्यासाठी हे बनवतोय, असं प्रकल्प उघड सांगतो. हे नुसतं बोलणं नाही, ते कोडमध्ये दिसतं. याद्या बनवणारं व्ह्यूज, पानांची मांडणी करणारं लेआउट, पानांच्या पत्त्यांचे नमुने, त्यांत आपोआप माहिती भरणारी टोकन हे सगळं कोअरमध्येच, म्हणजे मूळ संचातच आहे. ड्रुपल ७ वर यासाठी आम्ही वेगवेगळी मॉड्यूलं, म्हणजे वरून जोडायचे भाग, बसवली होती आणि प्रत्येकाचं अपडेट वेगळं सांभाळत होतो.

स्थलांतराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसं नाट्य नाही. ड्रुपल ७ च्या डेटाबेसची प्रत घ्यायची, बाहेरची मॉड्यूलं बंद करायची, बॅकड्रॉपच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्या प्रतीचा पत्ता द्यायचा आणि अपडेटचं पान चालवायचं. नोंदी, वर्गवारी, सदस्य, प्रतिक्रिया सगळं सुखरूप आलं. थीम आणि पानांची मांडणी मात्र नव्याने केली. दोन गोष्टी आधी तपासाच. बॅकड्रॉप फक्त मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालतं, पोस्टग्रेसवाल्यांना ही वाट नाही. आणि मजकुरात पीएचपी कोड लिहून चालवायची जुनी सोय इथे कोअरमधून काढून टाकली आहे. कोणीतरी पूर्वी एखाद्या ब्लॉकमध्ये चार ओळींचा कोड टाकून ठेवलेला असेल, तर तो आधी शोधून काढावा लागतो. सोय काढली ते योग्यच झालं असं माझं मत आहे. संपादकाच्या खिडकीतून कोड चालवता येणं धोक्याचंच होतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. बॅकड्रॉपच्या विकासाला ठरलेली लय आहे. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते: १५ जानेवारी, १५ मे, १५ सप्टेंबर. पहिल्या आवृत्तीपासून ही लय टिकली आहे, त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये १.३० आलं, मे मध्ये १.३१ आणि सप्टेंबरमध्ये १.३२. मधल्या काळात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेची अपडेट येतात. १.x मालिकेत जुनं मोडायचं नाही हे त्यांचं तत्त्व आहे. नव्या आवृत्तीतल्या नवीन गोष्टी बहुधा जास्तीच्या म्हणून येतात, तुमच्या आधीच्या मांडणीवर चाल करून येत नाहीत. वर्षभरात मी मोठी अपडेट बसवली तेव्हा दरवेळी तेच केलं: बॅकअप घेतला, कोअर नावाचं फोल्डर बदललं, अपडेटचं पान चालवलं. ड्रुपल ७ मध्ये कोअरच्या फाइली संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरमध्येच पसरलेल्या असायच्या आणि आपलं काय, त्यांचं काय हे वेगळं करावं लागायचं. इथे त्यांचं सगळं एका फोल्डरमध्ये आहे. आपली मॉड्यूलं, थीम, लेआउट त्याच्या बाहेर.

लहान संस्थेला या लयीचं मोल फार आहे. आमची कार्यकारिणी वर्षातून मोजक्या वेळा बसते. काम कधी येणार हे आधी ठाऊक असेल तर मी जून-जुलैत, शाळा-कॉलेजच्या सुरुवातीला गर्दी असताना, संकेतस्थळाला हात लावत नाही. दिवाळीच्या तोंडावर, नव्या अंकांच्या नोंदी सुरू होण्याआधी सप्टेंबरची आवृत्ती संकेतस्थळाच्या प्रतीवर तपासून होते.

पुढच्या आवृत्तीत काय येतंय हेही लपलेलं नसतं. सगळी चर्चा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, उघडी असते. एखादी सूचना कोणी मांडली, कोणी विरोध केला, ती का पुढे ढकलली, हे कोणालाही वाचता येतं. दर आठवड्याला ऑनलाइन बैठक होते. अमेरिकेच्या सोयीच्या वेळेला असल्याने आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, पण तिचं ध्वनिचित्रमुद्रण यूट्यूबवर येतं. मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे कोअरमध्ये बदल सुचवणारी प्रत्येक पुल रिक्वेस्ट आली की तिच्यासाठी एक तात्पुरतं संकेतस्थळ आपोआप उभं राहतं. त्यात शिरून तो बदल स्वतः वापरून पाहायचा आणि मत नोंदवायचं. त्यासाठी कोड लिहिता येण्याची गरज नाही. आमच्या ग्रंथपाल ताईंनी संपादकाच्या खिडकीतला एक बदल असाच पाहिला आणि त्यांना देवनागरीत टंकताना काय अडतंय ते मी त्यांच्या शब्दांत तिथे पोचवलं. त्याला नीट, आदराने उत्तर आलं.

कॉन्फिगरेशनची, म्हणजे सेटिंग्ज साठवायची, पद्धत हा ड्रुपल ७ पेक्षा मोठा सुधार. तिथे सगळ्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये माहितीबरोबर कालवलेल्या असायच्या. इथे प्रत्येक कंटेंट टाइप (नोंदीचा प्रकार), प्रत्येक फील्ड, प्रत्येक व्ह्यू ही एकेक जेसन फाइल, म्हणजे साध्या मजकुराची फाइल आहे. ती बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवता येते, काल कोणी काय बदललं हे ओळीओळीने दिसतं, आणि प्रतीवर केलेला बदल मूळ संकेतस्थळावर आयात करता येतो. एक सूचना: हे फोल्डर मुळात अपलोडच्या फाइलींच्या आत तयार होतं. ते वेबवरून उघडता येणाऱ्या मुख्य फोल्डरच्या बाहेर हलवा आणि सेटिंग्जच्या फाइलमध्ये नवा मार्ग लिहा. बॅकअपमध्येही ते वेगळं आठवणीने घ्या. नुसत्या डेटाबेसच्या बॅकअपवरून बॅकड्रॉपचं संकेतस्थळ पुन्हा उभं राहत नाही.

मराठीचं काय, हे विचारणारे बरेच असतील. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

देवनागरी साठवण्यात काहीच अडचण नाही. उलट जुन्या संकेतस्थळावर वाचकाने प्रतिक्रियेत इमोजी टाकला की डेटाबेस त्रुटी देऊन प्रतिक्रिया गिळून टाकायचा, ते इथे थांबलं. खरा त्रास शोधात आहे. कोअरचा शोध तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द सूचीत घेत नाही, आणि अक्षरं मोजताना तो युनिकोडची, म्हणजे लिप्यांच्या संगणकी यादीतली, चिन्हं मोजतो. ‘घर’ दोन चिन्हांचं, ‘मन’ दोन चिन्हांचं. दोन्ही बाद. ‘पु. ल.’ असं मध्ये जागा सोडून शोधलं तर तीन अक्षरांचा एकही शब्द नाही म्हणून शोधच होत नाही. मराठी लेखक आद्याक्षरांनी ओळखले जातात, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे अपवादाची नाही, रोजची आहे. ही मर्यादा शोधाच्या सेटिंग्जमध्ये दोनवर आणता येते. मग सूची पुन्हा बांधू द्यायची. ‘ल’ तरीही एकटाच राहतो, म्हणून लेखकाच्या नोंदीत ‘पुल’, ‘विस’ अशी जोडरूपं वेगळ्या फील्डमध्ये भरून ठेवली.

पुढची अडचण विभक्तीची. हा शोध पूर्ण शब्द जुळवतो. ‘पुस्तक’ शोधलं तर ‘पुस्तकात’, ‘पुस्तकांचा’ सापडत नाही. म्हणून सूचीसाठी आम्ही कोअरचा शोध सोडला आणि व्ह्यूजमध्ये ‘यात हे आहे’ प्रकारची गाळणी लावली. ‘पुस्तक’चा प्रश्न त्याने सुटला. ‘कथा’चा सुटला नाही, कारण ‘कथेचा’मध्ये ‘कथा’ उरतच नाही. शिवाय ‘ॲड.’ लिहायच्या दोन पद्धती चालतात, एकसंध अक्षराची आणि ‘अ’ला वेगळं चंद्राचं चिन्ह जोडून केलेली. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला निराळी. नोंद भरतानाच एक पद्धत ठरवून दिली तर पुढचं निस्तरणं वाचतं.

अनुक्रमणिकेतही हाच प्रकार. डेटाबेसचा नेहमीचा क्रम युनिकोडच्या क्रमांकावर चालतो, त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी नावं ‘ह’च्याही मागे जातात आणि ‘ज्ञ’ची नावं ‘ज’मध्ये मिसळतात, तर आपल्या वर्णमालेत ‘ज्ञ’ शेवटी. आम्ही प्रत्येक लेखकाला क्रमासाठी एक छोटं फील्ड दिलं आणि व्ह्यूजला त्यावर लावायला सांगितलं. हे काम हाताने करावं लागलं, पण एकदाच.

पानांचे पत्ते तयार करताना बॅकड्रॉप मराठी शीर्षक रोमनमध्ये उतरवू शकतं. ते एकेका चिन्हाला एकेक रोमन तुकडा लावतं, आणि व्यंजनातला ‘अ’ कुठे उच्चारायचा हे त्याला कळत नाही. निघणारा पत्ता वाचवत नाही. ती सोय बंद केली तर पत्ता देवनागरीत राहतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. आम्ही महत्त्वाच्या पानांचे पत्ते हातानेच लिहितो आणि सूचीच्या नोंदींना नुसता क्रमांक देतो.

थीम बॅकड्रॉपसोबत येणारी बेसिस, थोडी बदललेली. मथळ्यांची ओळ-उंची वाढवावी लागली, नाहीतर वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीला टेकतात. फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला, मुक्त परवान्याचा.

उणिवा स्पष्ट सांगते. समुदाय लहान आहे. ड्रुपल ७ ची सगळी मॉड्यूलं इथे आलेली नाहीत, आणि जी आली आहेत त्यांतली काही एकाच माणसाच्या श्रमावर उभी आहेत. महाराष्ट्रात बॅकड्रॉप जाणणारी व्यक्ती शोधून मिळणं कठीण. ड्रुपल ७ जाणणारी मात्र मिळते आणि तिला फार नवं शिकावं लागत नाही. प्रश्न विचारायला झुलिपवर गप्पांची खोली आहे. तिथे उत्तर हमखास येतं, पण वेळेच्या फरकामुळे बहुधा दुसऱ्या दिवशी. पैसे देऊन तातडीचा आधार हवा असणाऱ्या मोठ्या संस्थेने याचा विचार करून मगच पाऊल टाकावं.

तुमच्याकडे अजूनही ड्रुपल ७ वर चालणारं शाळेचं, मंडळाचं, वाचनालयाचं संकेतस्थळ असेल, त्यात फील्ड आणि याद्यांचं काम असेल, आणि सांभाळणारा माणूस एकच असेल, तर मी बॅकड्रॉपच सुचवेन. सगळं नव्याने सुरू करणार असाल आणि फक्त बातम्या व छायाचित्रं टाकायची असतील, तर वर्डप्रेसने काम लवकर होईल.

शोधातली तीन अक्षरांची मर्यादा मराठीला आणि हिंदीला कशी नडते, ते ‘घर’ आणि ‘पु. ल.’ची उदाहरणं देऊन मी बॅकड्रॉपच्या गिटहबवर मांडते आहे. इतर कोणी देवनागरीत बॅकड्रॉप किंवा ड्रुपल वापरत असाल, तर शोधात न सापडणारे तुमच्याकडचे शब्दही तिथे जोडा. जितकी ठोस उदाहरणं जमतील तितकी पुढच्या एखाद्या आवृत्तीत ही दुरुस्ती येण्याची शक्यता वाढेल.