डबल स्टँड: जोर वाढवावा की उंची कमी करावी?

रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ कागदावर १९९ किलोची आहे आणि बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस २४९ किलोची. यांपैकी कुठलीही गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत, तिसऱ्या प्रयत्नातही डबल स्टँडला लागली नाही की मालक इलाज शोधू लागतो. त्याला मिळणारे सल्ले फिरून फिरून पाचच असतात: पद्धत सुधारा, मागच्या चाकाखाली फळी घाला, मागचे शॉकॲब्सॉर्बर कडक करा, स्टँडची दांडी, म्हणजे जिच्यावर पाय देऊन स्टँड दाबतात ती, लांब करून घ्या, किंवा डबल स्टँडचा नाद सोडून पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, आणा. माझे वजन ६२ किलो आहे, गाडी हिमालयन आहे, आणि हे पाचही प्रकार मी करून पाहिले आहेत. ज्याला यांतून एक-दोन निवडायचे आहेत त्याच्यासाठी हा आढावा आहे.

आधी मुळात अडते कुठे ते पाहू. स्टँड खाली येतो तेव्हा त्याचे पाय त्याच्या बिजागरीच्या थोडे मागे जमिनीला टेकतात, आणि आपण दांडीवर वजन टाकले की गाडी मागे सरकत सरकत त्या पायांवर चढते. पाय जितके तिरपे, तितकी एकेका अंशाला गाडी जास्त उचलावी लागते. पाय उभे होत आले की उचलणे जवळपास संपते आणि उरते ते नुसते मागे सरकणे. म्हणजे सगळी मारामारी पहिल्या काही मिलिमीटरची आहे, आणि ते पहिले मिलिमीटर जो उपाय वाचवतो तो अंगात ताकद आणणाऱ्या उपायापेक्षा स्वस्त पडतो. पुढची सगळी तुलना मी या एकाच मापाने केली आहे.

पद्धत फुकट आहे, म्हणून तिचा विचार आधी. गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि पुढचा ब्रेक सुटा हवा, कारण चाके फिरली नाहीत तर गाडी मागे सरकणारच नाही. नवशिके पडण्याच्या भीतीने नेमका तोच ब्रेक आवळून धरतात. डाव्या बाजूला उभे राहून डावा हात हँडलच्या मुठीवर, उजवा हात सीटखालच्या फ्रेमवर किंवा कॅरिअरवर, आणि उजव्या पायाचा तळवा दांडीवर ठेवावा. मग गाडी डावी-उजवीकडे किंचित डोलवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करावी. एक पाय टेकला की एक बारीक टक, दुसरा टेकला की दुसरी, आणि ही दुसरी टक ऐकू येईपर्यंत जोर लावणे व्यर्थ असते. त्यानंतर हातांनी ओढायचे नाही, तर जिन्याची पायरी चढावी तसे पूर्ण वजन घेऊन दांडीवर उभे राहायचे. उजवा हात फक्त दिशा देतो. साइड स्टँड उघडाच ठेवावा, म्हणजे गाडी आपल्या अंगावर येऊ लागली तर ती त्याच्यावर टेकते. रिकामी हिमालयन सपाट काँक्रीटवर असेल तर एवढ्याने काम होते. दोन्ही सॅडल बॅगा भरलेल्या असतील तर माझे तरी होत नाही, आणि तिथे पद्धतीची मर्यादा येते.

जागेची निवड हाही पद्धतीचाच भाग समजावा. चढाकडे तोंड करून गाडी लावली तर ती आपसूक मागे यायला बघते आणि स्टँडला लागायला मदत होते. उताराकडे तोंड असेल तर तीच गाडी चढावर ढकलल्यासारखी वाटते आणि लागलीच तरी पुढे घसरून स्टँडवरून उतरण्याचा धोका राहतो. कोकणातल्या भिजलेल्या मातीत स्टँडचे पाय रुततात आणि जितके रुततात तितकी गाडी कमी उचलली जाते, तर गुळगुळीत टाइल्सवर तेच पाय सरकतात. पहिल्यासाठी चपटा दगड शोधावा, दुसऱ्यासाठी जुन्या रबरी पायपुसण्याचा तुकडा पुरतो.

आता फळी, जिच्यावर माझा सर्वाधिक भरवसा आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचा तुकडा मागच्या चाकाखाली आला की मागचा भाग तेवढा वर येतो, आणि स्टँडची बिजागरी चाकाच्या बरीच पुढे असल्याने तिथे यातले साधारण बारा-तेरा मिलिमीटर हाती लागतात. वाचायला हे हास्यास्पद वाटते. परंतु वाचतात ते नेमके सुरुवातीचे, सर्वांत महागडे मिलिमीटर, त्यामुळे पायाला कळणारा फरक आकड्याच्या मानाने फार मोठा असतो. मापे मात्र जपावीत. फळी स्टँडच्या दोन पायांमधल्या अंतरापेक्षा अरुंद हवी आणि चाकाच्या पुढे फार येऊ नये, नाहीतर स्टँडचे पायही तिच्यावरच टेकतात आणि सगळा फायदा जातो. उलट चाकाच्या मागे ती वीतभर लांब हवी, कारण गाडी चढताना मागे सरकते. पुढची कड सुताराकडून उतरती करून घेतली की चाक तिच्यावर सहज चढते. जास्त जाड फळीचा मोह टाळावा, कारण मग गाडी स्टँडला लागूनही चाक फळीला टेकूनच राहते आणि साखळीला तेल देताना फिरत नाही. माझी फळी सॅडल बॅगेच्या तळाशी राहते आणि ढाब्यावर जेवणाच्या ताटाखालीही चालते.

शॉकॲब्सॉर्बर कडक करणे, म्हणजे प्रीलोड वाढवणे, हा तत्त्वाने फळीचाच भाऊ आहे: स्प्रिंग आवळली की सामानाने बसलेली गाडी वर येते. फरक सोयीचा आहे. जीएससारख्या इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनच्या गाडीत बटण दाबून प्रीलोड वाढवता येत असेल तर फळीची गरजच कमी होते, आणि त्या मालकाने हाच उपाय निवडावा. हिमालयनला किंवा इंटरसेप्टर ६५०ला त्यासाठी पान्याने आटे किंवा खाचा फिरवाव्या लागतात. तेवढ्यासाठी रस्त्यात कोणी वाकत नाही. पण लडाखला निघताना सामानाच्या हिशोबाने प्रीलोड एकदा नीट करून ठेवला तर चालवतानाही गाडी बरी वागते आणि स्टँडचे काम फुकटात हलके होते.

दांडी लांब करून घेणे मी कोणाला सुचवत नाही. तरफ लांब झाली की जोर कमी लागतो हे खरे, पण पायाला तितकेच जास्त अंतर दाबत न्यावे लागते आणि दांडी डाव्या बाजूला आणखी बाहेर येते. माझ्या गावाकडच्या एका वेल्डरने अडीच इंचांचा तुकडा जोडून दिला होता. आठवड्याने ताम्हिणी घाटात डावीकडच्या वळणावर ती दांडी रस्त्याला घासली, ठिणग्या मागच्या मित्राने पाहिल्या आणि मी घरी येऊन तो तुकडा कापून घेतला. त्याऐवजी दांडीच्या टोकाला रुंद, खडबडीत पट्टी लावली तर बूट घसरत नाही आणि बाहेर काही येतही नाही.

पॅडॉक स्टँडची तुलना खरे तर अन्यायाची आहे, कारण तो घरी राहतो. ज्या गाडीला डबल स्टँड नाही तिची साखळी साफ करायला तो उत्तम, परंतु मागच्या चिमट्याला (चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या गोल खुंट्या, लावावे लागतात आणि जड गाडी आधी सरळ उभी धरायला दुसरा माणूस हाताशी हवा. हिमालयन ४११ ला ट्यूबचे टायर आहेत. कशेडी घाटात पंक्चर झाले तर चाक काढायला घरचा पॅडॉक स्टँड काय कामाचा?

बुटक्या चालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण ती दुकानात सहसा सांगितली जात नाही. पाय टेकावेत म्हणून लोअरिंग लिंक, म्हणजे मागचे सस्पेन्शन खाली बसवणाऱ्या पट्ट्या, बसवून गाडी २५ मिलिमीटर खाली आणली, तर स्टँड मात्र जुन्याच उंचीचा राहतो आणि वर वाचवलेले सगळे मिलिमीटर व्याजासकट परत द्यावे लागतात. अशा गाडीला नुसती फळी पुरत नाही. तिथे स्टँडचे पायच त्या प्रमाणात छोटे करून घ्यावे लागतात, आणि ते काम दोन्ही पायांची लांबी मोजून कापणाऱ्या कारागिराकडेच द्यावे, कारण एक पाय तीन मिलिमीटर जरी आखूड झाला तरी गाडी स्टँडवर कायमची डुलत राहते.