एन-लिस्ट: घ्याच, पण मोबाईलवर नको

कॉलेजांना ऑनलाइन ई-पुस्तकं वाचायला देणारी एन-लिस्ट नावाची योजना आहे. आपलं कॉलेज तिचं सभासद आहे का, हे आधी ग्रंथालयात विचारा. बऱ्याच कॉलेजांत ते असतं आणि मुलांना पत्ताच नसतो. मीही एम.ए. इकॉनॉमिक्सचं पहिलं सेमिस्टर झेरॉक्सवरच काढलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) गांधीनगरमधल्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना २०१० पासून चालू आहे. अनुदानित कॉलेज वर्षाला ५ हजार रुपये आणि वर जीएसटी भरतं, आणि तेवढ्यात विद्यार्थी, शिक्षक सगळ्यांना सुमारे दोन लाख ई-पुस्तकं वाचायला मिळतात. परदेशी प्रकाशकाचा एखादा जाड संदर्भग्रंथ कधीकधी एकटाच तेवढ्याला पडतो!

मेख अशी, की खातं आपलं आपण काढून चालत नाही. ग्रंथालयाने तुमचं नाव यादीत चढवावं लागतं. आमच्याकडे ते काम म्हणजे ‘सर रजेवर आहेत, सोमवारी या’. शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीच्या कॉलेजात मॅडमनी ॲडमिशन फॉर्मवरच ईमेल लिहून घेतला होता. तिला लगेच पासवर्ड आला. सेवा तीच, अनुभव जमीन-अस्मानाचा.

एकदा आत गेलात की चंगळ आहे. इकॉनॉमेट्रिक्सला एकाच पुस्तकामागे पाचजण लागायचे, इथे एकाच टॉपिकवर चार लेखकांची प्रकरणं शेजारी-शेजारी उघडून बसता येतं. प्रकाशकागणिक तऱ्हा वेगळी, एवढं लक्षात ठेवा: एकीकडे प्रकरणाची पीडीएफ उतरवून घेता येते, दुसरीकडे नुसतं स्क्रीनवर वाचायचं. आणि मोबाईलवर तर नकोच. पॅनेल डेटाच्या (त्याच घटकांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांच्या) समीकरणात अक्षराखाली बारीक ‘आय’ आणि ‘टी’ असतात, ते माझ्या फोनवर सारखेच दिसतात. मोठं करावं तर अर्धं समीकरण स्क्रीनबाहेर. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून पीडीएफ पेन ड्राइव्हमध्ये घ्या आणि लागतील तेवढीच पानं प्रिंट करा.

मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांच्या हाती मात्र फारसं लागत नाही. जवळपास सगळा माल इंग्रजी. विद्यापीठाने नेमलेलं क्रमिक पुस्तक त्यात असेलच असंही नाही. परीक्षेपुरतं हवं असेल तर यूजीसीची ई-पीजी पाठशाळा ही वेबसाइट बरी. लॉगिनची भानगड नाही, एका मॉड्यूलची (म्हणजे धड्याची) पीडीएफ एका बैठकीत वाचून होते. दर्जा लिहिणाऱ्यावर अवलंबून: काही मॉड्यूल सुरेख, काही निव्वळ नोट्स. तीही बहुतेक इंग्रजीच.

‘केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, आता सगळं फुकट’ असं सीनियर ठोकून देतात. ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय खरं, पण ते संशोधनाच्या जर्नल्ससाठी. त्यातून सेमिस्टरचं पुस्तक मिळणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मराठीसाठी कापला, उरलेला एक आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीसाठी, तो खरं तर एन-लिस्टचा दोष नाही. फीची पावती हातात पडली की त्याच दिवशी ईमेल लिहून द्या. परीक्षा तोंडावर आली की त्या खिडकीवर रांग लागते.