गार्डाखाली लपवलेले बिट : लगामाच्या खरेदीतील फसवणुकीचा अनुभव

लगामाचा जो धातूचा भाग घोड्याच्या तोंडात बसतो, ज्याला जुने मोतद्दार कडियाळे म्हणत आणि आता सगळे बिट म्हणतात, त्याच्या खरेदीत माझी फसवणूक झाली. विकणाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याने वापरलेली युक्ती मात्र तपशिलाने लिहितो, कारण ती कोणालाही वापरता येण्यासारखी आहे, आणि काय पाहायचे हे ठाऊक असलेल्या माणसाला ती दोन मिनिटांत पकडता येते. मला ते ठाऊक नव्हते.

माझी घोडी नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती डावीकडे वळताना मान झटकू लागली आणि लगाम हातात घेतला की तोंड उघडू लागली. बिट बसवून देण्याचे काम करणारा एक विक्रेता ओळखीतून तबेल्यात आला. त्याने घोडीच्या ओठाचा कोपरा बोटाने उचलून पाहिला, तिच्या जुन्या बिटाकडे एक नजर टाकली आणि निदान सांगून टाकले : "तोंड कठीण झालंय साहेब. हे एका सांध्याचं बिट टाळूला लागतंय. हिला फ्रेंच लिंक लागेल, आणि ओठ नाजूक आहेत म्हणून गार्डांसकट."

हे बोलणे मला पटले, कारण त्यात तथ्यही होते. एका सांध्याचे बिट दोन्ही लगाम एकदम ओढल्यावर अडकित्त्यासारखे मिटते, जीभ दोन्ही बाजूंनी आवळते आणि टाळू उथळ असेल तर सांध्याचे टोक टाळूला लागू शकते. दोन सांधे आणि मध्ये चपटी, इंग्रजी आठाच्या आकाराची लहान पट्टी असलेल्या फ्रेंच लिंकमध्ये तो दाब जिभेवर पसरतो. गार्ड म्हणजे मध्ये भोक असलेल्या रबरी चकत्या. बिटाच्या दोन्ही टोकांना, रिंग (लगाम जिला जोडतात ती कडी) आणि ओठ यांच्या मधोमध त्या बसतात. ज्या बिटात रिंग टोकाच्या भोकातून मोकळी फिरते, त्यात फिरणारी रिंग आणि भोकाची कड यांच्यात ओठाची कातडी चिमटीत सापडू शकते. ते टाळणे हे गार्डाचे खरे काम.

त्याच्याकडचे बिट आणतानाच गार्ड चढवलेले होते. मी माप विचारले तेव्हा त्याने टेप काढली, एक टोक डाव्या गार्डाच्या आतल्या बाजूला लावले, दुसरे उजव्या गार्डाच्या आतल्या बाजूला, आणि आकडा मला दाखवला : १२.८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर ५ इंच. घोडीचे जुने बिटही ५ इंचीच होते, त्यामुळे मला शंका आली नाही. त्याने ते तोंडात घालून दाखवले तेव्हा दोन्ही चकत्या ओठांना अलगद टेकल्या होत्या आणि पाहणाऱ्याला ते अगदी मापाचे वाटले असते. साध्या बिटाच्या तिप्पट पैसे मोजून मी ते घेतले. पावतीवर फक्त "बिट, गार्डसह" एवढेच लिहिले होते, आणि तेही मी नंतर वाचले.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात घोडीच्या तोंडातला फेस डाव्या बाजूला तांबूस दिसू लागला. ते रक्त असावे म्हणून मी घाबरलो, पण मोतद्दाराने फेस बोटावर घेतला, चोळला आणि हा गंज असल्याचे सांगितले. पुढच्या चार दिवसांत ओठाच्या डाव्या कोपऱ्यात, नेमक्या गार्डाखाली, नखाएवढी जागा सोलली गेली. जी जखम होऊ नये म्हणून गार्ड लावायचे, ती गार्डाखालीच झाली होती.

गार्ड काढणे हे जरा खटपटीचे काम आहे आणि या फसवणुकीचा सगळा आधार त्यावरच आहे. चकतीचे भोक रिंगेपेक्षा पुष्कळ लहान असते. ती गरम पाण्यात ठेवून मऊ करावी लागते, मग भोकातून दोरीचे दोन फास ओवून, एक खुंटीला अडकवून आणि दुसरा हाताने ओढून भोक ताणावे लागते, आणि त्या ताणलेल्या भोकातून संपूर्ण रिंग बाहेर काढावी लागते. दोघांशिवाय हे नीट होत नाही. विकत घेताना एवढा खटाटोप कोणी करत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्के माहीत असते. आम्ही दोघांनी मिळून ती चकती काढली तेव्हा खालचे बिट पाहून मोतद्दाराने ते न बोलता माझ्या हातात दिले.

रिंगेचे भोक झिजून लांबट झाले होते आणि त्याच्या एका कडेला कापसाचा बोळा अडकेल अशी कंगोऱ्यासारखी धार आली होती. ते बिट वापरलेले होते, अनेक वर्षे वापरलेले, आणि त्यावर नव्याने मुलामा चढवला होता. गार्ड घासत होता तिथे मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता आणि आत तांबडे लोखंड दिसत होते. मला ते स्टेनलेस स्टील म्हणून विकले होते. लोहचुंबक त्याला घट्ट चिकटले. तेवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला चिकटतात. सुटलेला मुलामा आणि गंज हा खरा पुरावा.

मग मी बिट टेबलावर सरळ पसरून, गार्ड नसताना, दोन्ही रिंगांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजले, कारण बिटाचे माप तिथेच घ्यायचे असते. ते १४ सेंटीमीटर भरले, म्हणजे साडेपाच इंच. प्रत्येक गार्डाची जाडी ६ मिलीमीटर होती. दोन्हींची मिळून १२ मिलीमीटर वजा केली की १२.८ सेंटीमीटर उरतात. टेपवरचा आकडा खोटा नव्हता, टेप लावण्याची जागा खोटी होती. जादा रुंदी त्याने रबराने भरून काढली होती. रबर काही तसेच राहत नाही. ते दबते, सैल होते, रिंगेवर सरकते, आणि मग रुंद बिट तोंडात इकडून तिकडे घसरू लागते. माझ्या घोडीच्या तोंडात तेच झाले.

बिटाची मधली पट्टी मी तेव्हा प्रथमच नीट पाहिली. ती आठाच्या आकाराची नव्हतीच. ती लांबट, आयताकृती होती आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या तुलनेत तिरकी बसवलेली होती. या रचनेला डॉ. ब्रिस्टल म्हणतात. लगाम ओढला की तिच्या पट्टीची कड जिभेत दाबली जाऊ शकते, म्हणून ते फ्रेंच लिंकपेक्षा कडक समजले जाते. दोन्ही प्रकारची बिटे हातात धरून पाहिल्याशिवाय हा फरक चटकन लक्षात येत नाही. नाजूक तोंडासाठी म्हणून मला नेमके उलट देण्यात आले होते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तोंडात घातलेली वस्तू परत घेत नाही, असे त्याने सांगितले. बिटाच्या बाबतीत हा नियम पुष्कळ जण पाळतात आणि एरवी त्याला मी नावे ठेवली नसती. मुलाम्याचे विचारल्यावर मात्र "तुमच्याकडं धुण्यात चूक झाली असेल" असे म्हणून त्याने फोन ठेवला, आणि नंतर उचललाच नाही.

घोडी मान का झटकत होती, हे पशुवैद्यांनी तोंडाला जबडा उघडा ठेवणारी चौकट लावून, आत दिवा धरून पाहिल्यावर कळले. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि चावताना झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या गालाकडील कडेला आणि खालच्या दाढांच्या जिभेकडील कडेला धारदार टोके राहतात. डाव्या बाजूच्या अशा टोकांनी तिच्या गालाला आतून व्रण पडला होता. पशुवैद्यांनी ती कानशीने घासून काढली. वरच्या दाढांच्या पुढे कधी कधी वुल्फ टूथ नावाचा बारका दात असतो आणि बिट त्याला आपटून घोडा असाच वागतो. तोही त्यांनी शोधला, हिला तो नव्हता. म्हणजे मूळ दुखणे बिटाचे नव्हतेच, आणि तोंड न उघडता सांगितलेल्या निदानावर मी विश्वास ठेवला, ही चूक माझी.

तेव्हापासून मी बिट कसे घेतो ते सांगतो. आधी दातांची तपासणी करून घेतो. मग एक जाड सुती दोरी तोंडात बिटाच्या जागी धरून दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी खूण करतो आणि ते अंतर मोजतो. माझ्या घोडीचे १२ सेंटीमीटर आहे. फिरत्या रिंगेच्या बिटाला दोन्ही बाजूंना सुमारे ६-६ मिलीमीटर मोकळे ठेवले की सुमारे सव्वापाच इंची बिट येते, रिंग घट्ट बसवलेली असेल तर त्याहून थोडे कमी चालते. गार्ड लावायचेच असतील तर त्यांची जाडी आधीच हिशेबात धरतो. दांडीची जाडी रिंगेपाशी मोजतो. जाड बिट सौम्य असते असे सरसकट सांगितले जाते, पण जीभ जाड आणि टाळू उथळ असलेल्या घोड्याच्या तोंडात जाड दांडीला जागाच उरत नाही. भोकाच्या कडेवरून आणि सांध्यांवरून कापसाचा बोळा फिरवून पाहतो. एक धागा जरी अडकला तरी ते बिट घेत नाही. आणि गार्ड सुटे मागतो. चकती दुमडून रबराला भेगा आहेत का आणि साच्याची शिवण कडेला टोचते का, ते पाहतो आणि तबेल्यात स्वतः चढवतो. रोज धुताना गार्डाखाली अडकलेली माती काढावी लागते, नाहीतर नव्या गार्डानेही कातडी सोलली जाते. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याला शिकवलेल्या चालींच्या, काही स्पर्धांच्या नियमांत गार्ड चालत नाहीत, हेही स्पर्धेला जाणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावे.

ओठाची जखम भरून येईपर्यंत तीन आठवडे घोडीला बिटाशिवाय, नुसत्या म्होरकीवर फिरवले. आता तिला घट्ट रिंगेचे साधे बिट आहे, गार्ड नाहीत, आणि डावीकडे ती निमूट वळते. ते फसवून विकलेले बिट, काढलेल्या चकत्या, पावती आणि जखमेचे फोटो एका डब्यात ठेवले आहेत. लेखी तक्रार दिली आहे, पण पावतीवर ना धातू लिहिला आहे ना माप, त्यामुळे तिचे पुढे काय होईल याची मला फारशी आशा नाही.