जॅझचे पाच अल्बम, आणि नेमकी कोणती प्रत घ्यायची

जॅझच्या याद्या कुठेही मिळतात, आणि फिरून फिरून त्यात तेच पंधरा अल्बम असतात. निवडीत फारसं चुकत नाही. चुकतं ते प्रत घेताना. एकाच अल्बमच्या दोन प्रतींत सूर वेगळा, सोलोची (एकट्या वादकाच्या भागाची) लांबी वेगळी आणि कधी कधी टाळ्यासुद्धा खोट्या, असं जॅझमध्ये सर्रास आहे.

ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून (१९५९) सुरुवात करावी. नागपूरच्या देशपांडे सभागृहातल्या मैफलींवर तयार झालेल्या कानाला तो सगळ्यात लवकर उघडतो. ‘सो व्हॉट’ म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी दोनला सा धरलेला आपला काफी थाट, कोमल ग आणि कोमल नी. बत्तीस बारांचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) आवर्तन, त्यातले पहिले सोळा बार याच सा वर. पुढच्या आठ बारांत अख्खा थाट अर्धा सूर वर सरकतो, शेवटच्या आठांत परत खाली येतो. एवढी सरकण पकडली की सोलोत कोण कुठे आहे ते कळायला लागतं. गोची अशी की २ मार्चच्या रेकॉर्डिंगच्या सत्रात मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो, त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना अनेक वर्षं चढ्या सुरात विकल्या गेल्या. नव्वदच्या दशकात दुसऱ्या मशीनच्या टेपवरून दुरुस्ती झाली. तपासणं सोपं आहे: मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनला लावा आणि ‘सो व्हॉट’ सुरू करा. सा घासायला लागला तर प्रत जुन्या मूळ टेपवरची (किंवा तुमच्या टर्नटेबलचा वेग बिघडलाय, तेही बघून घ्या).

त्याच वर्षीचा, त्याच कोलंबिया कंपनीचा, पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा ‘टाइम आउट’. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण झपतालाच्या सवयीने २+३ धरून बसाल तर सम हुकेल, इथे विभागणी ३+२ आहे. ‘ब्लू रोंडो’ नऊचा: तीन वेळा २+२+२+३, चौथ्यांदा ३+३+३. बोटांवर मोजून ऐका, मजा दुप्पट. सोलोला मात्र तो सरळ चारात येतो, तिथे मोजणं सोडून द्या.

बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या मैफलीत मात्र प्रतीचा घोळ सगळ्यात मोठा. ७ जुलै १९५६ ला त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सवर एका ब्लूज रचनेची सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली आणि लोक उठून नाचायला लागले. पण तो उभा होता व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकसमोर, कोलंबियाच्या नाही. त्यामुळे मूळ एलपीत त्याचा सोलो लांबून आल्यासारखा ऐकू येतो. शिवाय बराच भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवल्या होत्या. १९९९ च्या दोन सीडींच्या संचात रेडिओची टेप आणि कोलंबियाची टेप जुळवली आहे. तोच घ्या. जुनी एलपी स्वस्त मिळाली तरी ती दुसरी प्रत म्हणून ठेवायची.

सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ तेहतीस मिनिटांचा, एका बैठकीत ऐकायचा. पहिल्या भागात चार सुरांचा तुकडा बाराही सुरांवर फिरवून तो मग तोंडाने म्हणतो. शेवटच्या ‘साम’मध्ये (Psalm, म्हणजे स्तोत्र) सॅक्स जे वाजवतो ते कव्हरवर छापलेल्या त्याच्या कवितेचे शब्द, अक्षरामागे अक्षर. म्हणून हा एक अल्बम तरी कव्हरसकट घ्यावा. नुसत्या ॲपवर तो अर्धाच मिळतो.

पियानोवादक बिल इव्हान्सचा ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ (२५ जून १९६१) नागपुरात जपून ऐकावा लागतो, कारण कूलर. त्याची घरघर स्कॉट लाफारोचा बास आणि पॉल मोशनचे ड्रमवरचे ब्रश सरळ गिळून टाकते, आणि या अल्बमात सगळं चाललंय ते त्या दोघांच्या पियानोशी बोलण्यात. आवाज वाढवून उपयोग नाही. बंद कपांचे हेडफोन घ्या नाहीतर थंडीची वाट बघा. या मैफलीच्या पूर्ण संचात पहिल्या रचनेचा पहिला टेक (पहिल्यांदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) मध्येच तुटतो. तुमच्या सीडीत खोट नाही, रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली होती.

आता एलपीबद्दल. युरोपात १९६३ च्या आधी प्रकाशित झालेली रेकॉर्डिंगं हक्कमुक्त आहेत, म्हणून अनोळखी लेबलांच्या स्वस्त एलपी भरमसाट येतात. त्यातल्या बऱ्याच सीडीवरूनच कापलेल्या असतात. मास्टरिंग (टेपवरून छपाईची प्रत तयार करणं) कोणी केलं आणि कोणत्या टेपवरून, हे मागे छापलेलं नसेल तर राहू द्या. ‘१८० ग्रॅम’ हे फक्त एलपीचं वजन आहे. सुटकेसवाल्या प्लेअरवर महाग एलपी लावू नका, त्यांची सुई बहुधा चार-पाच ग्रॅमचा दाब देते. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दोनच्या आसपास पुरतो. मे महिन्यात गच्चीखालच्या माळ्यावर एलपी ठेवल्या की वाकल्याच समजा. खालच्या कपाटात, उभ्या, घट्ट न कोंबता. आणि कूलरच्या झोतापासून लांब, नाहीतर पावसाळ्याआधीच कव्हरला बुरशी.