निरामय विमा चांगला आहे हो, पण तिथपर्यंत पोचायचं कसं

योजनेला ४ स्टार. तिथपर्यंत जायच्या रस्त्याला १ द्यायचंही जिवावर येतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या ४ गटांसाठी, कव्हर १ लाखापर्यंत. आमच्या लेकाला ऑटिझम आहे. खाजगी विमावाले फोनवर आधी इतकं गोड बोलतात आणि ऑटिझम म्हटलं की "मॅडम, कळवतो", मग कोण कळवतंय! इथे आधी कसली मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही आणि मेन म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात. फक्त प्रत्येक खर्चाची लिमिट वेगळी आहे, अख्खा लाख थेरपीला मिळत नाही, ते आधी वाचून घ्या. नवीन नोंदणीला ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना २५०. एवढ्यात थेरपीचं एक सेशन पण होत नाही हल्ली.

पण आधी दिव्यांग प्रमाणपत्र पाहिजे आणि खरी गंमत तिथे आहे. यूडीआयडीचा (म्हणजे या प्रमाणपत्राचा आणि दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज घरबसल्या ऑनलाईन भरता येतो, ते झालं, पण तपासणीला सरकारी दवाखान्यात जावंच लागतं. आम्ही गेलो त्याचं नाव लिहीत नाही. मानसोपचाराचे डॉक्टर एका वारी, सायकॉलॉजिस्ट दुसऱ्याच वारी, आणि हे कुठे लिहिलेलं नाही, लाईनीत उभं राहून खिडकीपाशी पोचलं की आतला माणूस मान वर न करता सांगतो. ज्या पोराला गर्दी आणि आवाज सहन होत नाही त्याला तासन् तास अशा पॅसेजमध्ये बसवायचं जिथे स्पीकरवरून नावं ओरडतायत. लेक कानावर हात घेऊन खाली फरशीवर बसला तर क्लार्क म्हणतो, "चांगला धडधाकट दिसतोय की, याला कशाला सर्टिफिकेट?" काय बोलणार. ऑटिझम मोजायला ४० मुद्द्यांची स्केल आहे, आयसा म्हणतात, एकेक मुद्दा आईबापांना नीट विचारून, मुलाकडे बघून भरायचा असतो. आमचे भराभर उरकले. आणि त्यावर अपंगत्वाचे टक्के ठरतात, ४० टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच सवलती गेल्याच म्हणून समजा.

वर आधी नियमात १ महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं असं होतं, २०२४ च्या दुरुस्तीत त्याचे ३ महिने केले. म्हणजे काम वेगात होईना म्हणून मुदतच वाढवली, हा एक उपाय झाला! लहान मुलांना ते तात्पुरतं देतात, मोठं झालं की परत तपासणी. त्याबद्दल तक्रार नाही, थेरपीने फरक पडतो, पुन्हा बघायलाच हवं. पण पुन्हा तोच पॅसेज आहे हे डोक्यात येतंच.

प्रमाणपत्र हातात आलं की पुढचं तसं सोपं. फॉर्म नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेतून भरायचा. आमच्या संस्थेतल्या ताई स्वतः एका सेरेब्रल पाल्सीवाल्या मुलीची आई, कुठला कागद कुठे अडकतो ते त्यांना तोंडपाठ, झेरॉक्सवर सही राहिली तर त्या आधीच पकडतात. त्यांना ५ पैकी ५.

आता पैशाचं. कॅशलेस नाही हे नीट लक्षात ठेवा, आधी खिशातून भरायचे, मग ओरिजिनल बिलं लावून क्लेम. ज्यांच्याकडे आधी भरायलाच नाहीत त्यांनी काय करायचं याचं उत्तर या योजनेत नाही, माझा एक स्टार तिथेच कापला गेलाय. आमचा पहिला क्लेम अडला तो थेरपी सेंटरमुळे, त्यांनी महिन्याचं एकच बिल दिलं, सेशनच्या तारखा नाहीत, थेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, डॉक्टरांची चिठ्ठी जुनी. सेंटरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की बिल असंच पाहिजे, नाही म्हणाले तर सेंटर बदला सरळ.

आणि हो, कव्हर १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरतात, तुम्ही कधीही नोंदणी करा. फेब्रुवारीत पैसे भरलेत तर जेमतेम दोन महिने वापरायला मिळतील, म्हणून कागद आधी गोळा करून ठेवा आणि नोंदणी एप्रिलमध्ये करा.