‘दाऊ’ला मराठीत तू म्हणायचं की आपण?

शेक्सपिअर मराठीत आणायला बसलं की टी-एच-ओ-यू या चार अक्षरांपाशी, म्हणजे ‘दाऊ’ या जुन्या इंग्रजी सर्वनामापाशी, हात अडखळतो. ‘दाऊ’ आता प्रार्थनेत आणि जुन्या कवितेतच भेटतो, म्हणून भारदस्त वाटतो आणि अनुवादक ‘आपण’ लिहून मोकळा होतो. खरं तर उलट आहे. १६००च्या सुमारास ‘दाऊ’ म्हणजे आपला ‘तू’च: लेकराला, नोकराला, प्रियकराला, देवाला, आणि भांडण पेटलं की शत्रूलाही. मोठ्यांशी आणि खानदानी बरोबरीच्यांशी ‘यू’. १६०३ साली इंग्रज दरबारी सर वॉल्टर रॅलेच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हटलं, ते अपमान करायलाच.

‘आपण’ बाद. शिवाय रंगमंचावर त्याचा ‘आपण सगळे’ असाही अर्थ ऐकू येतो.

सरसकट ‘तू’ वापरलं तर संवाद धावतो, पण हत्यार बोथट होतं. ‘किंग लिअर’मध्ये सरदार केंट राजाला एकाएकी ‘दाऊ’ म्हणतो, वर ‘म्हाताऱ्या’. आधीपासून सगळेच ‘तू’ म्हणत असतील तर इथे दरबार हादरणार कसा?

उरली तिसरी वाट: ‘दाऊ’ला तू, ‘यू’ला तुम्ही. हीच घ्यावी, पण आंधळेपणाने नको. ‘हॅम्लेट’, अंक ३, प्रवेश ४ पाहा. राणी मुलाला म्हणते, ‘तू आपल्या वडिलांना फार दुखावलंस.’ तो उत्तरतो, ‘माझ्या वडिलांना तुम्ही फार दुखावलंत.’ तिच्या तोंडचे ‘वडील’ म्हणजे त्याचे सावत्र वडील, त्याच्या तोंडचे म्हणजे वारलेले. लगेच तीही ‘यू’वर येते: ‘काहीतरीच बरळताय तुम्ही!’ रागावलेली मराठी आई मुलाला ‘तुम्ही मोठे शहाणे’ म्हणते, तोच हा वार. गोची त्याच्या वाक्यात आहे. राजपुत्राने राणीला ‘यू’ म्हणणं ही तिथली रीत, पण आपल्याकडे ‘आई, तुम्ही’ कानाला परकं लागतं. संबोधन ‘आईसाहेब’ केलं की ‘तुम्ही’ आपोआप बसतं आणि राणीचा पालटही टोचतो.

कामाला बसण्यापूर्वी मूळ प्रतीत दोन पात्रांमधला प्रत्येक ‘दाऊ’ अधोरेखित करा. ‘दी’, ‘दाय’ आणि ‘दाइन’ ही त्याचीच रूपं, तीही धरा. जिथे रूप बदलतं तिथे थांबा. ‘यू’ अनेकवचनीही असतो, तेव्हा समोर कितीजण आहेत ते आधी मोजा.

१६११च्या राजा जेम्सच्या बायबलला मात्र हा नियम लावू नका. तिथे ‘दाऊ’ म्हणजे निव्वळ एकवचन, त्यात मान-अपमान नाही. मोशे मिसरच्या राजाला, फारोलाही ‘दाऊ’च म्हणतो. कीट्ससारख्या १९व्या शतकातल्या कवींकडे तो फक्त काव्याचा पेहराव. तिथे ‘तू’ बिनधास्त लिहा.

सर्वनाम गाळलं तरी चालतं. ‘आहेस’ आणि ‘आहात’, ‘केलंस’ आणि ‘केलंत’: मराठीत शेवटचं एक अक्षर सगळं सांगतं. मुद्रितं तपासताना नेमकं तेच निसटतं.