बोहरी आळीची ताडपत्री, लंकावीची बोट

बोटीचं कापड शिवायला रविवार पेठेत कोण जातं, असं मला तिघांनी विचारून झालंय. झालं असं, की निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी मलेशियातल्या लंकावी बेटावर ३४ फुटी जुनी शिडाची बोट घेतली आणि सहकारनगरचा फ्लॅट भाड्याने गेला. डेकवर सावलीला कापड हवं होतं. तिथल्या शिवणाऱ्याने सांगितलेल्या पैशांत माझे पुण्यातले सगळे पडदे झाले असते. मग फेब्रुवारीत निघायच्या आधी मीच रविवार पेठेतल्या बोहरी आळीतलं ताडपत्रीचं दुकान गाठलं. आता सात महिने ते कापड डोक्यावर आहे, म्हणून लिहितेय.

मी मागितला होता सुती कॅनव्हास. शेठनी विचारलं, "ताई, पाऊस किती महिने?" म्हटलं, एप्रिल ते ऑक्टोबर. "मग सुती नको. भिजलं की उचलणार नाही, आणि ओली घडी घातलीत की काळे ठिपके." त्यांनी कोटिंगचं पॉलिस्टर काढलं आणि शिवायचा दोराही पॉलिस्टरचाच घ्यायला लावला. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, कापड चांगलं राहतं आणि शिवण उसवते, म्हणाले. लंकावी विषुववृत्तापासून जेमतेम सव्वासहा अंशांवर. दुपारी डेकवर अनवाणी पाय ठेववत नाही. शिवण अजून एक टाका हललेली नाही.

मापाची गंमत वेगळीच. बोट तिकडे, मी इकडे. ह्यांनी फोनवर आकडे पाठवले, पण बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, त्याच्यावरून कापड दोन्ही बाजूंना किती उतरणार हे मला कळेना. शेवटी सोसायटीच्या गच्चीवर रांगोळीने बोटीची मागची बाजू काढली, मधोमध कपडे वाळवायची काठी धरली आणि जुन्या चादरी टाकून पाहिल्या. खालच्या काकूंनी विचारलं, कसली पूजा आहे? तो चादरींचा नमुना मी दुकानात नेला. शेठ हसले नाहीत, याबद्दल एक तारा जास्त. त्यांनी चारी कोपऱ्यांना दुहेरी पट्टी सुचवली आणि काठाला नेफा करून आत दोर ओवून दिला, म्हणजे ताण कापड बांधायच्या एकेका रिंगेवर येत नाही. मांडववाल्यांना रोज कापडं शिवून देणाऱ्या माणसाला वारा कळतो. मे महिन्यात पहाटे 'सुमात्रा' आली, म्हणजे सुमात्राकडून सामुद्रधुनी ओलांडून येणारी वादळी सर. आम्ही झोपेतून उठून कापड सोडेपर्यंत ते सुटलं नाही की फाटलं नाही.

आता तक्रारी. पितळी रिंगा सांगितल्या होत्या, पैसेही पितळेचे दिले. जूनमध्ये कापडावर तांबडे ओघळ दिसले. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून पाहिलं, तर २२ पैकी ६ रिंगा टपाटप चिकटल्या. लोखंडावर पॉलिश! फोन केला तर शेठ म्हणाले, कारीगराने डबा बदलला असेल. असेलही. पुढच्या फेरीत बदलून देणार आहेत. दुसरं, "कशालाही चालेल" म्हणून गळ्यात मारलेला निळा प्लॅस्टिकचा दोर. चार-पाच महिन्यांत उन्हाने त्याची कुसळं निघाली, हाताला टोचतात. नांगराला तर तो मुळीच नको, तिथे ताणला जाणारा नायलॉनच लागतो. हे मात्र शेठना माहीत असायला हवं, अशी अपेक्षा नाही.

चार दिवसांचा वायदा नऊ दिवसांवर गेला, कारण लग्नसराईचे मांडव. विमानाला तीन दिवस उरले होते आणि मी रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर. सगळे मिळून ६,८०० रुपये, पक्क्या बिलासकट. वजन सव्वाचार किलो, बॅगेत सहज बसलं.

गाडी नेऊ नका, रिक्षाने जा. रिंगा ठोकायच्या आधी हातात घेऊन बघा, मॅग्नेट घरून न्या. मच्छरदाणीच्या जाळीचं माप मी कालच पाठवलंय, या वेळी रांगोळीशिवाय.